झडप

बाटली खिडकीच्या उजेडात धरली
तर आत नारळाचा पहिला रस,
नुकता पिळून गाळल्यासारखा,
वर साय धरू पाहणारा.
बाबल कांबळी दाराकडे बघत म्हणाला,
"बाय, ह्यां माझ्याच आंगातलां. वाडीत सांगू नको."

ईथरचे थेंब सोडून हलवली.
पांढरं निवळलं. म्हणजे चरबी.
कागदावर मी इंग्रजीत एक शब्द लिहिला,
त्याच्या काही उपयोगाचा नसलेला.

वीस वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला
आमच्या खात्याची माणसं बॅटऱ्या घेऊन
खाडीकाठच्या वाडीत गेली होती, बोटं टोचायला.
ते जंतू दिवसाउजेडी रक्तात सापडत नाहीत,
माणूस झोपला की फिरायला निघतात.
बाबल तेव्हा माडावर चढून बसला होता.
गोळ्या वाटल्या, त्या वाशात खोचल्या.
हे त्यानेच सांगितलं, हसून,
आणि हसणं अर्ध्यात टाकलं.

मी समजावू लागले.
म्हटलं, काका, आतडं म्हणजे तुमचं खाजण.
आत बारीक कोंब, तरव्यासारखे दाट,
प्रत्येक कोंबाच्या पोटात एक धार.
खोबऱ्यातलं, तारलीतलं तेल
बहुतेक या धारांनीच जातं, दुधासारखं होऊन,
पाटातून व्हाळात, व्हाळातून वर, आणखी वर,
आणि गळ्याच्या डाव्या हाडामागे
रक्ताला मिळतं.
या पाण्याला ढकलायला काळीज नाही.
तुम्ही चाललात, श्वास घेतलात, पोट हललं
की ते पुढे सरकतं.
मागे येऊ नये म्हणून जागोजाग झडपा...

"उघाडी," तो म्हणाला.

बाबल खारबंधाऱ्याची उघाडी राखतो, बापापासून.
ओहोटीला शेतातलं पाणी फळी ढकलून बाहेर पडतं,
भरती आली की तीच भरती फळी दाबून धरते.
ज्या वर्षी कुर्ल्यांनी बांध पोखरला
त्या वर्षी खारं पाणी उलटं आत शिरलं
आणि तीन वर्षं भात झालं नाही.
"म्हंजे किड्यांनी माझी फळी खाल्ली."
मी हो म्हटलं.
याहून बरं मला सांगता आलं नसतं.

थेंब काचपट्टीवर घेतला, रंगवला.
भिंगाखाली गोल गोल पेशी,
एकेकीत जांभळं, जवळजवळ पेशीएवढंच केंद्र.
यांनी आतड्याच्या वेशीवर असायचं,
आत काय घ्यायचं, काय नाही, ते बघत.
बाबलने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.
"हे कोण?"
राखणदार, म्हटलं.
दर वर्षी बांधावर कोंबडा देणारा माणूस
भिंगावरून डोळा काढून गप्प बसला.
"आणि मी तेंका मुतातसून भायर घालवतंय?"

डॉक्टरांनी खोबरं बंद केलं. तेल बंद, तारली बंद, बांगडा बंद.
"मगे ह्यो जेवतलो काय," सुभद्रा म्हणाली,
"दर्याचा पाणी?"
पण तिने केलं. पेज, कुळथाचं कढण,
मिठात शिजवलेला लाल माठ.
सगळ्या घराचं वाटप थांबलं, पाटा कोरडा पडला.
दीड महिन्यांनी बाटली विहिरीच्या पाण्यासारखी.

आणि मग एका सोमवारी पुन्हा पांढरी.
विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघेनात.
नातीचं बारसं होतं. घावणे होते. रस होता.
"दोनच," सुभद्रा म्हणाली.
बाबलने टेबलाखालून मला चार बोटं दाखवली.

डॉक्टरांनी ओरोसच्या इस्पितळाची चिठ्ठी दिली,
गळती बुजवता येते का बघू म्हणाले.
मी तारीख वाचून दाखवली.
त्याने बोटांच्या पेरांवर तिथी मोजली.
"अवसेक उधाण आसा. उघाडीर कोण ऱ्हवतलो?"
चिठ्ठीची घडी करून
ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.
वाशात नाही. एवढं मी पाहिलं.